मेसाईदचा कारखाना आणि मेथीच्या मुळांवरच्या गाठी

मंडळी, आधीच कबूल करून टाकतो, मी शेतकीचा पदवीधर नाही. इंजिनिअरिंग करून सॉफ्टवेअरमध्ये पडलेला माणूस. जमिनीशी माझा संबंध म्हणजे औसा तालुक्यातली वडिलोपार्जित साडेसहा एकर, आणि तीही अण्णा (म्हणजे माझे मोठे काका) कसतात. पण पुस्तिकेसाठी लेख मागताना समितीतल्या एका वहिनींनी बजावलं होतं, "कॉम्प्युटरवर लिहाल तर छापणार नाही!" त्यातच यंदाच्या कार्यक्रमाचा निधी मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्यांच्या मुलामुलींच्या वसतिगृहाला जाणार असं कळलं, आणि विषय आपोआप ठरला. गेली काही वर्षं माझ्या डोक्यात एक खूळ आहे. नत्र! साध्या भाषेत नायट्रोजन.

खुळाची सुरुवात सीलाइनच्या रस्त्यावर झाली. हिवाळ्यात आपण सगळेच डबे बांधून तिकडे वाळूत लोळायला जातो. दोह्यापासून दक्षिणेला चाळीस-एक किलोमीटरवर मेसाईद लागतं, पाइपांचं जंगल आणि उंच चिमण्या दिसायला लागतात. मागच्या सीटवरून मुलीनं विचारलं, "बाबा, इथे काय बनवतात?" म्हटलं, "युरिया. शेतात घालायचं खत." "कशापासून?" मी सहज बोलून गेलो, "हवेपासून." त्यावर ती जी हसली! तिला वाटलं बाबा थापा मारतोय. घरी येऊन खरंखोटं तपासायला बसलो आणि अडकलो तो अडकलोच.

थाप नव्हती. मेसाईदची कतार फर्टिलायझर कंपनी, म्हणजे आपली 'कॅफ्को', १९६९ साली स्थापन झाली आणि १९७३ पासून तिथे उत्पादन सुरू झालं. २०१२ पर्यंत एकेक करत सहा प्रकल्प उभे राहिले आणि युरियाची क्षमता वर्षाला ५६ लाख टनांच्या घरात गेली. एकाच जागी एवढा युरिया बनवणारे कारखाने जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आणि कच्चा माल काय, तर नैसर्गिक वायू, पाण्याची वाफ आणि हवा.

आपण श्वासात घेतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे. प्रत्येक एकरावर हजारो टन नायट्रोजन नुसता तरंगतोय आणि खाली पीक मात्र नत्रावाचून पिवळं पडतंय, अशी ही विचित्र गोष्ट. कारण नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधानं असे घट्ट धरून बसतात की वनस्पतीला ते सोडवताच येत नाहीत. पैसे बँकेत आहेत, पण पासवर्ड माहीत नाही! हे कुलूप कारखान्यात तोडायची रीत फ्रिट्झ हाबर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १९०९ मध्ये दाखवली, आणि कार्ल बॉशनं ती मोठ्या प्रमाणावर बसवून १९१३ साली ओप्पाऊ इथे पहिला कारखाना चालू केला. वायूपासून हायड्रोजन काढायचा, हवेतला नायट्रोजन घ्यायचा, लोखंडाच्या उत्प्रेरकावरून चारशे-साडेचारशे अंश सेल्सिअसला, हवेच्या दाबाच्या दीडशे-दोनशे पट दाबाखाली दोघांचं लग्न लावायचं, की अमोनिया तयार. वायूतून हायड्रोजन काढताना जो कार्बन डायऑक्साइड सुटतो तो अमोनियाशी जोडला की युरिया. आज जगातल्या जवळजवळ निम्म्या माणसांच्या ताटातलं अन्न या एका प्रक्रियेवर उभं आहे असा अंदाज आहे. (याच हाबरनं पहिल्या महायुद्धात विषारी वायूच्या वापराचंही नेतृत्व केलं होतं. माणूस गुंतागुंतीचा. असो.)

आणि याचा आपल्या अण्णांशी संबंध अगदी थेट आहे. भारत बाहेरून जो युरिया विकत घेत आलाय त्यात कतारचा आहे. जो भारतात बनतो त्यालाही वायू लागतो, आणि २००४ सालापासून रास लफानचा द्रवरूप वायू जहाजांनी गुजरातेत दहेजला उतरत आलाय. अलिबागजवळ थळला आर.सी.एफ.चा कारखाना आहे, तोही वायूवरच युरिया बनवतो. म्हणजे औशाच्या दुकानात गोणी सोडणारे अण्णा आणि दोह्यात खुर्चीत बसणारा मी, दोघांचीही भाकरी एकाच वायूवर भाजतेय म्हणा ना! अण्णांना ४५ किलोची गोणी गेली काही वर्षं २६६ रुपयांच्या आसपास मिळते. खरी किंमत त्याच्या कितीतरी पट आहे, बाकीचा भार सरकार उचलतं.

आता गंमत ऐका. मेसाईदला जे काम चारशे अंशांवर, प्रचंड दाबाखाली चालतं, तेच काम मातीतले काही जिवाणू तुमच्या-आमच्या कुंडीत, साध्या तापमानाला, आवाज न करता करतात. त्यांच्याकडे नायट्रोजिनेज नावाचं एक एन्झाइम आहे, लोह आणि मॉलिब्डेनम पोटात घेऊन बसलेलं. तेच ती तिहेरी गाठ सोडवतं. फुकट मात्र नाही. नायट्रोजनचा एक रेणू फोडायला पेशीच्या ऊर्जेची, म्हणजे ए.टी.पी.ची, किमान १६ नाणी मोजावी लागतात. शिवाय हे एन्झाइम विलक्षण नाजूक, ऑक्सिजन लागला की कायमचं निकामी. आता काम करायला भरपूर ऊर्जा हवी, ऊर्जेसाठी ऑक्सिजन हवा, आणि ऑक्सिजन आला की यंत्रच बंद. आमच्या धंद्यात याला 'डेडलॉक' म्हणतात. निसर्गानं तो कसा सोडवला हे वाचून मी त्या रात्री दोन वाजेपर्यंत जागा होतो.

तर रायझोबियम. डाळवर्गीय झाडांच्या, म्हणजे तूर, हरभरा, मूग, भुईमूग, सोयाबीन, मेथी यांच्या मुळांवर ज्या बारीक गाठी दिसतात, त्यांत हे राहतात. लहानपणी भुईमुगाच्या शेंगा तोडताना आम्ही त्या गाठींना रोग समजायचो. १८८६ साली जर्मनीत हेलरिगेल आणि विल्फार्थ यांनी सिद्ध केलं की या गाठींच्या जोरावरच अशी झाडं हवेतला नत्र वापरतात, आणि १८८८ मध्ये हॉलंडच्या बायेरिंकनं गाठीतला जिवाणू वेगळा काढून वाढवून दाखवला. आपल्याकडे या जिवाणूंवरचा पहिला नोंदलेला अभ्यास एन. व्ही. जोशी यांचा, १९२० सालचा. शंभर वर्षं होऊन गेली.

जिवाणू मुळात घुसतो कसा, हा भाग तर आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना शोभणारा आहे. मूळ मातीत काही विशिष्ट द्रव्यं सोडतं. फ्लॅव्होनॉइड म्हणतात त्यांना. त्या झाडाच्या 'ओळखीचा' जिवाणू ती हाक ओळखतो आणि उलट आपला एक रासायनिक संदेश पाठवतो. तो संदेश बरोबर असेल तरच मुळावरचं केस वळतं, जिवाणूला आत घेतं आणि एक बारीक बोगदा बांधून थेट आतल्या पेशींपर्यंत नेऊन सोडतं. चुकीचा संदेश, तर दार बंद. हा शुद्ध 'हँडशेक' झाला, आम्ही नेटवर्कमध्ये करतो तसा. आत गेल्यावर गाठ तयार होते, झाड साखरेपासून बनलेलं अन्न पुरवतं, जिवाणू अमोनिया देतो. आणि तो ऑक्सिजनचा डेडलॉक? त्यासाठी झाड गाठीत लेगहिमोग्लोबिन नावाचं प्रथिन तयार करतं. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचंच भावंड. ते ऑक्सिजनला धरून ठेवतं आणि जिवाणूला हवा तेवढाच, मोजूनमापून देतं. म्हणून चांगली काम करणारी गाठ नखानं चिरली की आतून गुलाबी-लाल निघते. वनस्पतीच्या मुळात रक्ताचा रंग!

कामचुकारांची सोयही केलेली आहे. २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सोयाबीनच्या काही गाठींभोवतीच्या हवेतून नायट्रोजन जवळजवळ काढून टाकला, म्हणजे आतल्या जिवाणूंना काम करायची इच्छा असली तरी जमणार नाही. झाडानं काय केलं? त्या गाठींचा ऑक्सिजन तोडला. अप्रेजलमध्ये इतकी तत्परता मी कुठल्याही कंपनीत पाहिलेली नाही.

हे सगळं वाचल्यावर प्रयोग करायचा मोह आवरेना. दोह्यात ऑक्टोबर संपताना हवा बरी होते, तेव्हा बाल्कनीत मेथी लावायचा आमचा रिवाज आहे. पहिल्या वर्षी वाळू आणि नारळाचा भुसा घालून लावली, तर तीन आठवड्यांत पिवळी. उपटून बघितली, मुळं पांढरी स्वच्छ, धुतल्यासारखी. गाठ एक नाही. साहजिकच होतं, मेथीचा जिवाणू त्या वाळूत येणार कुठून?

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. रायझोबियम म्हणजे एकच जिवाणू नव्हे, ते एक मोठं खानदान आहे, आणि प्रत्येक घराण्याची सोयरीक ठरलेली. चवळी, मूग, उडीद, तूर, भुईमूग यांचं एकमेकांत जमतं. वाटाणा आणि मसूर यांचा गट वेगळा. सोयाबीनचा वेगळा. हरभऱ्याचा तर स्वतंत्रच. मेथीची सोयरीक आहे लसूण घासाशी. लसूण घास म्हणजे इथल्या शेतांवर उंटा-मेंढ्यांसाठी हिरवागार दिसतो तो चारा, इथे त्याला 'जत' म्हणतात. दोघांना एकच जिवाणू चालतो.

मग काय, अल खोरच्या वाटेवरच्या एका शेतावर काम करणाऱ्या ओळखीच्या मल्याळी गृहस्थांना गाठलं आणि जतच्या वाफ्यातली पिशवीभर माती मागून आणली. ते बराच वेळ माझ्याकडे संशयानं बघत होते. पण नुसती माती घालून मेथी सुधारली तर ती जिवाणूंमुळे की मातीतल्या बाकी पोषणामुळे, हे कसं कळणार? तुलना हवी. म्हणून निम्मी माती ओलसर करून फॉइलमध्ये गुंडाळली आणि दोन दिवस, रोज तासभर, ओव्हनमध्ये भाजली. घरात जो वास सुटला त्याचं वर्णन करत नाही. सौभाग्यवतींनी इतकंच विचारलं, "केक यातच करायचा का आता?" तेव्हापासून ओव्हनला हात लावायची मला मनाई आहे.

दोन ट्रे, एकच बी, तेच पाणी. एकात कच्ची माती, दुसऱ्यात भाजलेली. पाचव्या आठवड्यात दोन्हीतली दहा-दहा रोपं पाण्यात बुडवून हलकेच सोडवली. भाजलेल्या मातीतल्या मुळांवर काही नाही. कच्च्या मातीतल्या प्रत्येक रोपावर गाठी, लांबट, बारीक तांदळाच्या कणीएवढ्या. मुलीनं ब्लेडनं एक चिरली आणि ओरडली, "बाबा, पिंक!" त्या संध्याकाळच्या पराठ्यांची चव काही वेगळीच होती, हे शास्त्रीय निरीक्षण नव्हे.

आता अण्णांकडे वळतो, कारण बाल्कनीत मेथी पिवळी पडली तर आपण लुलूमधून जुडी आणतो, अण्णांना तशी सोय नाही.

मी उत्साहानं फोन करून सांगितलं, "अण्णा, या वेळी सोयाबीनला रायझोबियम लावा." ते म्हणाले, "लावलं होतं की दोन सालाखाली. काळी भुकटी असती ती. काय बी फरक पडला न्हाई. माती इकली मला माती." राग खरा होता. दोनशे-अडीचशे रुपये गेल्याचं दुःख नव्हतं, आपल्याला कुणीतरी अडाणी समजून फसवलं याचं होतं. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा चित्र स्पष्ट झालं. पाकिटं मे महिन्यात, पत्र्याच्या दुकानात, वरच्या फळीवर ठेवलेली. लातूरकडचा मे! पत्र्याखाली काय तापमान असेल ते तुम्हीच ठरवा. आणि पेरणीच्या दिवशी अण्णांनी बुरशीनाशक, कीटकनाशक आणि हे पाकीट एकाच बादलीत कालवून बियाण्याला चोळलेलं.

जिवाणू खत हे नाव फसवं आहे. युरिया दहा वर्षं गोदामात पडला तरी युरियाच राहतो. हे पाकीट म्हणजे जिवंत माल. दुधासारखा समजा. २००६ साली सरकारनं जिवाणू खतं खत नियंत्रण आदेशाखाली आणली आणि नियम घातला की भुकटीच्या प्रत्येक ग्रॅममध्ये किमान ५ कोटी जिवंत जिवाणू हवेत. मी आपला हिशोब केला. २५० ग्रॅमचं पाकीट १० किलो बियाण्याला लावतात, म्हणजे १,२५० कोटी जिवाणू. सोयाबीनचे १० किलोत अंदाजे ८० हजार दाणे धरले, तर दाण्यामागे दीड लाख. ऐकायला भरपूर वाटतं. पण उन्हात वाळताना आणि औषधाच्या संपर्कात त्यातले बहुतेक मरतात, आणि पाकिटातच मेलेले असतील तर पुढचं सगळं व्यर्थ.

म्हणून रीत अशी आहे: गुळाचं पाणी उकळून पूर्ण गार करायचं, त्यात पाकीट कालवून बियाण्यावर हलक्या हातानं चोळायचं, टरफल निघू द्यायचं नाही, सावलीत सुकवायचं आणि लगेच पेरायचं. बुरशीनाशक आणि कीटकनाशक आधी, ते सुकल्यावर, सगळ्यात शेवटी जिवाणू. आमच्या धंद्यात काही लोक अँटीव्हायरस आणि नवं सॉफ्टवेअर एकदमच टाकतात आणि मग काही चालत नाही म्हणून ओरडतात, तसलाच प्रकार.

पुढच्या जूनमध्ये मी रजा पेरणीच्या सुमारास घेतली. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून ताजं द्रवरूप जिवाणू खत आणलं, प्रवासभर ओल्या फडक्यात गुंडाळून, आणि अण्णांशी एक करार केला. सगळ्या रानाला नाही लावायचं. दोन तुकड्यांत निम्म्या-निम्म्या तासांना लावायचं, बाकी कोरे ठेवायचे, खुणेला काठ्या रोवायच्या. अण्णांना ही कल्पना पसंत पडली, कारण यात कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नव्हता. एक तुकडा वीसेक वर्षं सोयाबीन खाल्लेला. दुसरा ओढ्याकडचा, तिथे कायम गवतच होतं, सोयाबीन पहिल्यांदाच.

चाळीस दिवसांनी अण्णांनी कुदळीनं झाडं काढली (उपटायची नाहीत, गाठी मातीत राहतात) आणि चुलतभावानं मोबाईलवर फोटो पाठवले. ओढ्याकडच्या तुकड्यात फरक आंधळ्यालाही दिसावा. लावलेल्या तासात मुळं गाठींनी लगडलेली, कोऱ्या तासात चार-दोन. जुन्या तुकड्यात मात्र दोन्हीकडे सारखंच! अण्णा लगेच म्हणाले, "हितं तुजं औषध फेल गेलं बघ." फेल गेलं नव्हतं. सोयाबीन हे आपल्याकडचं मूळ पीक नव्हे, त्याचा जिवाणूही इथल्या मातीत आधी नव्हता. पण एकदा आला की तो मातीत टिकून राहतो. जुन्या तुकड्यात वीस वर्षांची वस्ती तयार होती, तिथे नव्यांची गरजच फारशी नव्हती. मला स्वतःला हा निकाल फार आवडला, कारण कुठलीही जाहिरात हे सांगणार नाही. जिथे पीक नवं, जिथे रान बरीच वर्षं पडीक किंवा पाण्याखाली होतं, तिथे जिवाणू लावणं शहाणपणाचं. बाकी ठिकाणी थोडक्या खर्चातला विमा समजून लावा, पण चमत्काराची वाट बघू नका.

एक चूक मात्र अण्णांसकट सगळं गाव करतं. सोयाबीन जरा पिवळं दिसलं की युरियाची मूठ फेकायची. पेरणीच्या वेळी थोडा नत्र चालतो, रोपाच्या गाठी तयार होईपर्यंत त्याला आधार लागतो. पण नंतर आयता नत्र मिळाला की झाड हिशोबी आहे, जिवाणूला साखर कशाला देईल? नव्या गाठी धरत नाहीत, जुन्या मंदावतात. पाला माजतो, शेंगा त्या मानानं येत नाहीत. गाठींना खरी गरज असते स्फुरदाची आणि मुळांशी हवा खेळण्याची. पाणी साचलेल्या काळ्या रानात सोयाबीन पिवळं पडतं ते बऱ्याचदा गाठींचा श्वास कोंडल्यामुळे, आणि तिथे युरियापेक्षा चर काढणं जास्त उपयोगी.

हिशोब सांगायचा राहिला. सोयाबीनच्या दाण्यात साधारण ४० टक्के प्रथिनं, प्रथिनांत १६ टक्के नत्र. म्हणजे क्विंटलमागे सहा-साडेसहा किलो. एकरी आठ क्विंटल उतारा पडला तर एकट्या दाण्यातून पन्नासेक किलो नत्र बाजारात जातो. युरियात ४६ टक्के नत्र असतो, तेव्हा हे झाले अडीच गोण्या. जगभरच्या मोजणीत सोयाबीन आपल्या गरजेचा सरासरी निम्म्याहून थोडा जास्त नत्र हवेतून मिळवतं, बाकीचा जमिनीतून उचलतं. म्हणजे "सोयाबीन घेतलं की जमीन सुधारते" हे आपण सर्रास ऐकतो ते पुरतं खरं नाही. इतका नत्र दाण्यात निघून जातो की जमिनीच्या खात्यावर फार काही उरत नाही, कधी थोडं कर्जही होतं. पाला-भुसकट जाळलं तर नक्कीच. ज्याला खरोखर जमीन भरायची आहे त्यानं ताग किंवा धैंचा फुलोऱ्यावर आला की गाडावा, किंवा तूर घ्यावी, जिची पानं गळून रानातच पडतात.

जुन्या लोकांना जिवाणू माहीत नव्हते पण परिणाम माहीत होता. त्यासाठी त्यांच्याकडे शब्द आहे, 'बेवड'. हरभऱ्याचा बेवड चांगला, तुरीचा बेवड चांगला. आधीच्या पिकानं रानात काय मागे ठेवलं, त्याचं हे एका शब्दातलं मूल्यमापन. ज्वारीत तुरीच्या ओळी टाकणारे माझे आजोबा कुठल्या विद्यापीठात गेले नव्हते.

डाळवर्गाबाहेरच्या पिकांचं काय? ज्वारी, गहू, कापूस यांना ॲझोटोबॅक्टर सांगतात, हाही बायेरिंकनंच १९०१ मध्ये शोधलेला. तो गाठी करत नाही, मुळांभोवती मोकळा राहतो, आणि ऑक्सिजनचा प्रश्न सोडवतो तो भराभर श्वास घेऊन, आत शिरलेला ऑक्सिजन जाळून टाकून! बाजरी-मक्याच्या मुळांशी राहणाऱ्या ॲझोस्पिरिलमचा अभ्यास ब्राझीलमध्ये योहाना डोबरायनर या बाईंनी १९७० च्या दशकात पुढे नेला. ऊसाच्या अंगातच राहून नत्र बांधणारा ॲसिटोबॅक्टरही त्यांच्याच गटानं १९८८ साली जगापुढे आणला, आणि आज पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये तो ऊस उत्पादकांसाठी तयार होतो. ब्राझीलनं सोयाबीनच्या बाबतीत तर सुरुवातीपासून जिवाणूंवर भर दिला आणि तिथलं अफाट सोयाबीन जवळजवळ नत्रखताशिवाय पिकतं. या मोकळ्या जिवाणूंबद्दल माझं मत थोडं सावध आहे. त्यांच्यामुळे मुळं वाढतात, ते वाढीची संप्रेरकं सोडतात, त्याचा पिकाला फायदा होतो, हे खरं. पण पाकिटावर "इतके किलो युरिया वाचवा" असं छापलेलं असतं ते मात्र मनावर घेऊ नका. घरमालकाकडून पक्का पगार मिळणारा रायझोबियम आणि मुळांतून गळेल त्यावर भागवणारा ॲझोटोबॅक्टर, दोघांकडून सारख्याच कामाची अपेक्षा कशी ठेवणार?

मग गव्हा-ज्वारीला गाठी का नाही करून देत शास्त्रज्ञ? प्रयत्न चालू आहेत, कठीण आहेत, कारण नुसता एक जीन उचलून टाकायचा नसतो, तो हँडशेक, ती गाठ, तो ऑक्सिजनचा पहारा, सगळंच बसवावं लागतं. पण निसर्गानं एका ठिकाणी याहून पुढचं पाऊल टाकलंय. २०२४ साली जाहीर झालं की समुद्रातल्या एका सूक्ष्म शेवाळात नत्र बांधणारा जिवाणू इतका मुरलाय की तो आता जिवाणू उरलेलाच नाही, पेशीचा एक अवयव झालाय. त्याला 'नायट्रोप्लास्ट' नाव दिलंय.

जाता जाता दसऱ्याचं. इथल्या वाळवंटात 'घाफ' नावाचं एक काटेरी, चिवट झाड आहे. ते म्हणजे आपली शमी! पांडवांनी शस्त्रं लपवली म्हणतात तीच. तीही डाळवर्गातली, मुळांवर जिवाणू पाळणारी, म्हणूनच तसल्या उपाशी जमिनीत तगते. गावाकडे बांधाबांधावर माजलेली वेडी बाभूळ हिचीच चुलत बहीण, तिचाही तोच गुण. आपटाही याच मोठ्या कुळातला, पण त्याच्या मुळांवर गाठी येत नाहीत. एकाच घरातले सगळेच कमावते नसतात, हे आलंच. पुढच्या दसऱ्याला इथे आपट्याची पानं मिळाली नाहीत म्हणून हळहळण्यापेक्षा घाफच्या झाडाकडे एक चक्कर मारावी असं मी सांस्कृतिक समितीला सुचवलं आहे. पानं तोडायची नाहीत, नुसतं बघून यायचं.

परवा अण्णांचा फोन होता. ओढ्याकडच्या रानात या वर्षी हरभरा टाकलाय. मी विचारायच्या आत म्हणाले, "त्याचा जिवाणू येगळा असतोय न्हवं? परभणीहून आणलाय. गार पाण्याच्या माठाजवळ ठिवलाय. बुरशीचं औषध आधी लावलं, हे शेवटाला." मग जरा थांबून, "आन् दोन तासं कोरी ठिवलीत. काठ्या रोवल्यात. तू म्हणशील ते खरं मानायचं न्हाई मला, मोजून बघायचंय."